आर म्हणजे त्रिज्या

रतिलाल पाटील सरांना राग आला की त्यांची भाषा शुद्ध होते. एरवी घरात, गल्लीत, भाजीवाल्याशी ते साधं अहिराणी बोलतात. प्रमाण मराठी शाळेत, फळ्यापुढे. पण त्यांच्या ओट्यावरून 'तथापि' किंवा 'सबब' असं काही ऐकू आलं की शेजारीपाजारी समजतात, सरांचं कुठेतरी बिनसलं. त्या रविवारी सकाळी 'तफावत' हा शब्द ओट्यावरून तीनदा ऐकू आला, आणि समोर राहणारा विमा एजंट योगेंद्र चहाचा कप हातात घेऊनच बाहेर आला.

तफावत टायरमध्ये होती. पण टायरकडे जाण्याआधी कौसाबाईकडे जायला हवं, कारण सगळं तिच्यासाठी चाललं होतं.

कौसाबाई ही सरांची थोरली बहीण, कोरीटला राहणारी. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. चार वर्षं सर तिला चिंचपाड्याच्या मिशनच्या दवाखान्यात न्यायचं म्हणत होते आणि चार वर्षं ती हो म्हणत होती. पहिल्यांदा ठरलं त्या सकाळी ती शेतातून परतलीच नाही. दुसऱ्यांदा भाचा तिला बसने घेऊन निघाला, तर विसरवाडीला बस थांबल्यावर ती चहाला म्हणून उतरली आणि उलट दिशेच्या बसने घरी पोहोचली. ज्या बाईला ताटातली भाजी कोणती ते दिसत नव्हतं, तिला परतीच्या बसची पाटी कशी दिसली, याचा खुलासा आजतागायत झालेला नाही. यंदा मात्र उजव्या डोळ्याला उजेड आणि अंधार एवढंच कळू लागलं, ती ओसरीच्या पायरीवरून पडली, आणि मग तिने स्वतःहून निरोप पाठवला. अट एकच होती. "मी तुन्हीच गाडीमा बससू," ती फोनवर म्हणाली. "दुसरानी गाडीमा मन्हा जीव घबरास."

मंगळवारी सकाळी नऊला दवाखान्यात हजर व्हायचं होतं. ही तारीख चुकली तर कौसाबाई पुन्हा हो म्हणेल, पण येणार नाही, हे सरांना पक्कं माहीत होतं.

म्हणून शनिवारी संध्याकाळी सरांनी गाडी धुतली. गाडी जुनी होती, सेकंडहँड घेतलेली, पण सरांनी तिला कधी शाळेच्या कामाखेरीज आणि लग्नाखेरीज त्रास दिला नव्हता. धुणं चाललेलं असताना योगेंद्र आला, पुढच्या टायरवरून हात फिरवला आणि म्हणाला की हे टायर आता टायर राहिले नाहीत, हे टकले झाले. योगेंद्र विम्याचा माणूस असल्यामुळे कुठल्याही वस्तूत त्याला आधी अपघात दिसतो. शेजारचे नवलसिंग गिरासे आले. ते एसटीत चौतीस वर्षं ड्रायव्हर होते आणि निवृत्तीनंतरही कुठल्याही वाहनाजवळ उजव्या बाजूनेच जातात. त्यांनीही मान हलवली. नवे टायर टाका, दुकानात जा, नंबर सांगा, अर्ध्या तासाचं काम आहे, असं दोघांचं एकमत झालं.

आता नंबर सांगायचा तर नंबर वाचायला हवा. सर उकिडवे बसले आणि मागच्या टायरच्या कडेवर लिहिलेलं वाचलं. एकशे पंचावन्न, तिरकी रेघ, ऐंशी, मग इंग्रजी आर, मग तेरा.

एखादा साधा माणूस एवढं कागदावर लिहून दुकानात गेला असता. सर एकतीस वर्षं गणित शिकवत होते. एककाशिवाय लिहिलेली संख्या त्यांच्याने बघवत नसे. उत्तरापुढे 'सेमी' लिहिलं नाही म्हणून त्यांनी नंदुरबार शहरातल्या दोन पिढ्यांचे गुण कापले होते. आणि इथे एका मोठ्या कंपनीने तीन संख्या रबरावर कायमच्या कोरल्या होत्या, एकाही संख्येपुढे एकक नव्हतं.

सरांनी गाडीच्या कप्प्यातली माहितीपुस्तिका काढली. तिच्यातून एवढं कळलं की पहिली संख्या म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरी म्हणजे टायरच्या कडेची उंची, पण ती मापात नाही, रुंदीच्या टक्क्यांत. शेवटची संख्या इंचात. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच पाहून सर काही वेळ पुस्तिका मिटून बसले. 'आर' जिथे समजावला होता त्या ओळीवर आधीच्या मालकाने ऑइल सांडलं होतं. पण त्या ओळीची सरांना गरज नव्हती. वर्तुळाकार वस्तूवर आर लिहिला असेल तर तो त्रिज्या, हे त्यांनी हजारो मुलांना शिकवलं होतं.

रविवारी सकाळी गणित मांडलं गेलं. आतल्या लोखंडी चाकाची त्रिज्या तेरा इंच, म्हणजे व्यास सव्वीस. त्यात वरची आणि खालची रबराची कड मिळवायची, प्रत्येकी एकशे चोवीस मिलिमीटर. एकूण टायर जवळजवळ छत्तीस इंच उंच हवा. सरांनी शोभाबाईंची शिवणाची टेप आणून मोजलं. टायर पावणेतेवीस इंच भरला. पुन्हा मोजला. दुसऱ्या बाजूचा मोजला. तेरा इंच कमी.

शोभाबाई, म्हणजे सरांच्या पत्नी, टेप परत मागायला आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "गाडी चाली ऱ्हायनी ना? मंग?"

सरांनी सांगितलं की प्रश्न गाडी चालण्याचा नाही, तफावतीचा आहे. नवलसिंगांनी ओट्याखालून समजावलं, "नंबर वाचाना नही ऱ्हास, सर. दुकानवालाले सांगाना ऱ्हास." चौतीस वर्षांत त्यांनी एसटीच्या टायरवरचा नंबर हजारदा डेपोत सांगितला होता आणि एकदाही त्याचा अर्थ विचारला नव्हता, हे त्यांनी अभिमानाने नमूद केलं. योगेंद्रने मात्र वेगळा सूर लावला. मागचे दोन टायर सरांनी दोन वर्षांपूर्वी शौकतच्या दुकानातून घेतले होते ना, मग तेरा इंच गेले कुठे, असं तो म्हणाला. तो बहुधा चेष्टेने म्हणाला असावा. सरांना चेष्टा सहसा लागू पडत नाही.

शौकतचं दुकान बायपासच्या वळणावर होतं. बाहेर हवेचा कॉम्प्रेसर, त्यामागे धुराने आणि रबराने काळी पडलेली भिंत, आत गल्ल्यावर शौकतची बायको जाहेदा. रविवार असल्याने गिऱ्हाईक होतं. सर टायरवर खुणा करायचा खडू उचलून सरळ काळ्या भिंतीकडे गेले. एकतीस वर्षांची सवय, काळं दिसलं की हात वर जातो. त्यांनी वर्तुळ काढलं, त्यात त्रिज्या काढली, आर बरोबर तेरा लिहिलं, पायऱ्या मांडल्या आणि उत्तराखाली दोन रेघा ओढल्या. शौकतने मध्ये दोनदा तोंड उघडलं. सरांनी हात वर करून त्याला थांबवलं, आधी उदाहरण पूर्ण होऊ द्या म्हणाले. मग ते वळले आणि चार लोकांसमोर म्हणाले, "सबब, आपण मला तेरा इंच कमी दिलेले आहेत. याला मराठीत फसवणूक म्हणतात."

शौकतने कॉम्प्रेसर बंद केला. त्या आवाजाची सगळ्यांना इतकी सवय झाली होती की तो थांबल्यावर माणसं अवघडून गेली. टेम्पोवाला भिला हातातला चहा प्यायचा थांबला.

"सर, पंधरा वर्षं झाली दुकानाला," शौकत हळू आवाजात म्हणाला. "कमी दिलं, असं कुणी बोललं नव्हतं." आणि तो भिलाच्या टेम्पोखाली शिरला. बाहेर आलाच नाही. जाहेदा गल्ल्यावरून भिंतीकडे पाहत होती. तिला काहीतरी बोलायचं होतं, पण नवऱ्याचे नुसते पाय दिसत असताना तिने पुढच्या गिऱ्हाइकाची पावती करायला घेतली.

सर विजयी होऊन परतले, असं त्यांना वाटलं. नवे टायर मात्र आले नाहीत, ही गोष्ट घरी शोभाबाईंनी लक्षात आणून दिली.

सोमवारी सरांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि गाडी घेऊन वाहनांच्या सरकारी कार्यालयात गेले. अर्ज रात्रीच तयार होता. विषय : टायरवरील लिखित माप व प्रत्यक्ष माप यांत तेरा इंचांची तफावत आढळल्याबाबत. सोबत आकृती. खिडकीतल्या कारकुनाने अर्ज वाचला, उलटा करून मागची बाजू पाहिली, पुन्हा वाचला. असा अर्ज कुठल्या टेबलाचा, हे त्याला ठरवता येईना. टायरची तक्रार ग्राहकांच्या न्यायालयात, गणिताची शिक्षण खात्यात, असं त्याचं मत पडलं. सर म्हणाले, आपण अर्ज नाकारत असाल तर तसं लेखी द्यावं. लेखी द्यावं म्हटल्यावर कारकुनाने अर्जावर आवक क्रमांक टाकला, शिक्का मारला आणि आतून निरीक्षकांना बोलावलं.

निरीक्षक तरुण आणि सभ्य होते. त्यांनी अर्ज घडी घालून खिशात ठेवला आणि अर्ज वाचण्याऐवजी टायर वाचायला बसले. हे सरांना आवडलं. निरीक्षकांनी आधी पुढच्या उजव्या टायरच्या खाचेत बोट घातलं. बोट खाचेत गेलं नाही, कारण खाच उरली नव्हती. खाचेच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, त्यांनी समजावलं, आणि रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की टायर संपला. हा केव्हाच संपला आहे. मग ते पुढच्या डाव्या टायरकडे गेले आणि जरा थांबले.

"हा वेगळ्या मापाचा आहे," ते म्हणाले. "एकशे पंचेचाळीस, सत्तर."

सरांचा चेहरा उजळला. हेच तर ते म्हणत होते. मग त्यांना आठवलं. दीड वर्षांपूर्वी डावा टायर फुटला, तेव्हा नवलसिंगांच्या मदतीने त्यांनीच डिकीतली स्टेपनी काढून तिथे बसवली होती. स्टेपनी आधीच्या मालकाची होती. तात्पुरती बसवली होती. तेव्हापासून गाडी डावीकडे ओढत होती, आणि तेव्हापासून सर भेटेल त्याला सांगत होते की नंदुरबारचे रस्ते डावीकडे उतरते बांधले आहेत. याविषयी त्यांचं एक पत्र स्थानिक वर्तमानपत्रात छापूनही आलं होतं.

निरीक्षक मागे गेले. मागचे दोन टायर पाहून त्यांनी समाधानाने मान डोलावली. "हे चांगले आहेत. कुठून घेतले?"

सरांना सांगावं लागलं.

मग निरीक्षकांनी निकाल दिला. पुढचे दोन टायर बदलल्याशिवाय ही गाडी आवाराबाहेर जाणार नाही. बदलून घ्या, मी पाहतो, मग न्या. सरांनी उद्याच्या ऑपरेशनचं सांगितलं. निरीक्षकांना वाईट वाटलं, पण म्हणाले, याच टायरवर बहिणीला नेणार होतात का? 

दुपारचे बारा वाजले होते. सर रिक्षाने शहरातल्या दोन दुकानांत गेले. एकाकडे हे माप येणं बंद झालं होतं. दुसऱ्याने सांगितलं, जुन्या गाड्यांचे टायर शौकतभाईकडे मिळतील.

बायपासच्या वळणावर सर रिक्षातून उतरले तेव्हा कॉम्प्रेसर चालू होता. शौकत नमाजला गेला होता. काळ्या भिंतीवर त्यांचं उदाहरण तसंच होतं, आकृती, पायऱ्या, दोन रेघा. कुणी पुसलं नव्हतं. खाली कुणीतरी, बहुधा भिलाने, 'बरोबर?' असं लिहिलं होतं.

जाहेदा उठून उभी राहिली. "बसा सर," ती म्हणाली. "मी तुमची विद्यार्थिनी. दोन हजार तीन, नववी ब."

सरांना ती आठवली नाही. तिने आठवण करून दिली की वर्तुळाच्या प्रश्नात तिचं उत्तर बरोबर आलं होतं, पण एकक लिहायचं राहिलं म्हणून सरांनी पाचपैकी शून्य दिलं होतं, आणि त्या वर्षी ती तीन गुणांनी नापास झाली होती. हे तिने तक्रार म्हणून सांगितलं नाही. पावसाचं सांगावं तसं सांगितलं.

"सर, ते आर म्हणजे त्रिज्या नाही," ती पुढे म्हणाली. "रेडियल. टायरच्या आत दोरे कसे टाकलेत, त्याचं नाव आहे. आणि तेरा हा आतल्या चाकाचा व्यास आहे. पूर्ण व्यास."

सर भिंतीकडे वळले. तेरा इंच म्हणजे तीनशे तीस मिलिमीटर, अधिक दोनशे अठ्ठेचाळीस. पाचशे अठ्ठ्याहत्तर. पावणेतेवीस इंच. उत्तर तंतोतंत जुळलं, आणि पहिले काही क्षण सरांना निखळ आनंद झाला, कारण तेरा इंचांची तफावत त्यांना रात्रभर छळत होती. मग आनंद ओसरला आणि त्याखालचं सगळं वर आलं. फसवणूक हा शब्द, चार माणसं, टेम्पोखालचे दोन पाय.

शौकत आला तेव्हा सर भिंतीपाशी उभे होते. हातात खडू होता. त्यांनी स्वतःच्या उदाहरणावर मोठी फुली मारली, जशी वहीत मारतात तशी. शेजारी लिहिलं, 'आर म्हणजे रेडियल. तेरा इंच व्यास. दुकानदाराचे माप बरोबर.' मग जरा विचार करून पाचपैकी शून्य लिहिलं आणि खाली तारखेसह सही केली. रविवारी जितके लोक होते, त्याहून सोमवारी दोन जास्तच होते.

"शौकतभाई, चुकी मन्ही शे," सर म्हणाले.

शौकतने भिंत नीट वाचली. त्याला सवयच होती, टायरवरचं वाचताना तो एक अक्षर सोडत नसे. "पायऱ्यांचे मार्क द्यायचे सर," तो म्हणाला. "पायऱ्या बरोबर होत्या." मग त्याने विचारलं की गाडी कुठे आहे.

सगळं ऐकून झाल्यावर तो एवढंच म्हणाला की कौसाआक्काचं ऑपरेशन आहे, हे सरांनी काल पहिल्या वाक्यात सांगितलं असतं तर दोन्ही टायर कालच बसले असते. या मापाचा एकच टायर त्याच्याकडे शिल्लक होता. दुसऱ्यासाठी त्याने शहाद्याला ओळखीच्या दुकानदाराला फोन लावला, आणि त्या दुकानदाराने टायर तीनच्या एसटीत घातला. नवलसिंगांना स्टँडवर उभं केलं गेलं. बस आली तेव्हा टायर ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर खिडकीजवळ बसलेला होता आणि एक म्हातारे गृहस्थ त्याला धरून होते. नवलसिंगांनी त्यांचे आभार मानले आणि टायर रिक्षात घेऊन कार्यालयात पोहोचले, तेव्हा साडेचार वाजले होते.

शौकतने आवारातच जॅक लावला. वीस मिनिटांत दोन्ही टायर बसले. निरीक्षकांनी पाहिले, पसंत केले, आणि सरांनी गाडीत बसून चावी फिरवली. तेवढ्यात कारकून बाहेर आला.

गाडी नेता येणार नव्हती. आवक क्रमांकाच्या अर्जात या गाडीचे मागचे टायर तक्रारीचा विषय होते. तक्रार निकाली निघेपर्यंत टायर पुरावा ठरतात, आणि पुरावा आवाराबाहेर जाऊ शकत नाही. सरांनी तक्रार मागे घेतो म्हटलं. तर तसा अर्ज हवा. अर्ज लिहिला. तर त्यात कारण हवं. 'वैयक्तिक कारणास्तव' असं सरांनी लिहिलं, ते कारकुनाला चाललं नाही. सकाळी आपल्याकडून लेखी मागणाऱ्या माणसाबाबत तो आता कुठलीही ढिलाई करायला तयार नव्हता. त्याने घड्याळाकडे पाहिलं. पावणेसहाला आवाराचं फाटक बंद होतं.

सरांनी पेन उघडलं. शौकत, नवलसिंग आणि एक अनोळखी ट्रॅक्टरवाला बघत असताना त्यांनी तीन प्रतींत लिहिलं : अर्जदार हे गणिताचे शिक्षक असून त्यांस आर या अक्षराचा अर्थ ठाऊक नव्हता. तो आज रोजी त्यांच्या माजी विद्यार्थिनीकडून समजला. सबब तक्रार राहिली नाही.

कारकुनाने मोठ्याने वाचून खात्री केली, तिन्ही प्रतींवर शिक्का मारला आणि एक प्रत सरांना दिली. पाच चाळीसला गाडी फाटकाबाहेर पडली. ती सरळ चालत होती. सरांचे हात मात्र दीड वर्षाच्या सवयीने तिला उजवीकडे ओढत होते, त्यामुळे पहिल्या चौकापर्यंत शौकतने दोनदा स्टिअरिंगला हात लावला.

मंगळवारी पहाटे सर कोरीटला गेले. कौसाबाई तयार होती. विसरवाडी आली तेव्हा सरांनी गाडी थांबवली नाही, चहाचं नावही काढलं नाही. ऑपरेशन व्यवस्थित झालं.

बुधवारी सकाळी पट्टी निघाली. डॉक्टरांनी बोटं दाखवून किती म्हणून विचारलं. कौसाबाईने बोटांकडे पाहिलंच नाही. ती पलीकडे उभ्या असलेल्या भावाकडे पाहत होती. तिने त्याला जवळ बोलावलं, हनुवटीला धरून चेहरा खिडकीच्या उजेडाकडे फिरवला आणि बराच वेळ न्याहाळला. चार वर्षांत तिला तो नीट दिसला नव्हता.

"तू इतला म्हतारा कव्हय व्हयना रे, रतिलाल?"

"आत्तेच, आक्का," सर म्हणाले. "दोन दिन व्हयनात."

डॉक्टरांनी सांगितलं होतं की काही दिवस शिंकायचं नाही, डोळ्यावर ताण येतो. म्हणून परतताना सरांनी वाळत घातलेल्या मिरचीच्या पथारींवरून जाणारा नेहमीचा रस्ता सोडला आणि सात किलोमीटरचा वळसा घेतला. काचा बंद, वेग बेताचा. कौसाबाई पुढच्या सीटवर बसून बाहेरचं एकेक मोठ्याने ओळखत होती : बैल, विजेचा खांब, बोरीचं झाड, बाई, अजून एक बाई. सर प्रत्येकाला हो म्हणत होते. एकदा तिने म्हशीला बैल म्हटलं. सर त्यालाही हो म्हणाले.